रिकामं पारडं

दोरवालीचा दोर एका वेळी एकच मजला चढतो. हे मामाला ठाऊक होतं, भाचीला ठाऊक होतं आणि तो खेळ कधीकाळी खेळलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरीही भाचीने आपल्या गोष्टीत बिनदिक्कत लिहिलं की दोरवालीने दोर भिरकावला आणि तो थेट दोन मजले वर जाऊन अडकला. मग ती खुर्ची ओढून मामासमोर बसली आणि वाचायला लागली. त्या वाक्यापाशी आली तेव्हा तिने हळूच त्याच्या बोटाकडे बघितलं.

मामाने खुर्चीच्या हातावर तर्जनी आपटली. टक टक.

"एकच मजला," तो म्हणाला. "दोन कुठून आणलेस? दोर काय तुझ्या घरचा आहे?"

भाचीला इतका आनंद झाला की तिने उठून त्याच्या टकलाचा पापा घेतला. मामा वैतागला. चूक पकडली गेली की माणसं ओशाळतात, पापे घेत नाहीत, एवढं त्याला अजून कळत होतं.

आता तो खेळ काय होता ते सांगायला हवं, नाहीतर या दोघांचं सगळं वागणं वेडेपणाचं वाटेल. तसं ते होतंही थोडं. खेळाचं नाव 'सातमजली'. कॉम्प्युटरवरचा जुना खेळ. एक अंधारा बुरूज आणि त्यात वर चढणारी चार माणसं. दोरवाली दोर टाकते, एका वेळी एक मजला. कुलूपतोड्या कुलूप उघडतो, एका मजल्यावर एकच. मुका पहारेकरी कुणालाही अडवू शकतो, पण त्याला बोलता येत नाही. चौथा दिवेवाला, ज्याच्या दिव्याशिवाय पायऱ्याच दिसत नाहीत. आपल्या ज्योतीवर तो इतरांचे दिवे लावून देऊ शकतो, पण दर वेळी त्याची स्वतःची वात थोडी आखूड होते. आणि त्याचा दिवा एकदा विझला की तो कुणालाही, कशानेही, पुन्हा लावता येत नाही. डाव तिथेच संपतो. लहानपणी या दिवेवाल्यापायी भाचीने कितीतरी उशा भिजवल्या होत्या.

भाचीला मामाने वाढवलं. तिची आई, म्हणजे मामाची धाकटी बहीण, गेली तेव्हा भाची शाळेत होती आणि तिचा दादा नुकता कॉलेजात. वडील आधीच दुसरा संसार थाटून मोकळे झाले होते. मामाने दोन्ही मुलांना घरी आणलं. त्याने स्वतः लग्न केलेलं नव्हतं. एकही मुलगी मापात बसली नसेल, असं नात्यातले लोक त्याच्या पाठीमागे म्हणायचे, कारण मामाची नोकरीच वजनमापं तपासायची होती. दुकानोदुकानी जायचं, तराजू तपासायचा, खरा असेल तर शिक्का मारायचा आणि खोटा असेल तर उचलून न्यायचा. दुकानदार त्याला पाहून चहा मागवायचे आणि तो चहा न पिता निघून जायचा. नाकावर माशी बसू द्यायचा नाही.

"आधी रिकामं पारडं बघायचं, ठकू," तो भाचीला सांगायचा. ठकू हे त्याने ठेवलेलं नाव. खरं नाव तो फक्त चिडल्यावर घ्यायचा. "पारड्यात काही नसताना काटा हलला, तर पुढे कितीही खरी वजनं ठेव, सगळं खोटं. लोक भरलेलं पारडं बघतात. लबाडी रिकाम्यात असते."

काटा कुठे अडकलेला नाही ना, हे बघायला तो पारड्याच्या कडेला तर्जनीने दोनदा टिचकी द्यायचा. नोकरी संपली, पण बोटाची सवय राहिली. काही चुकलं, की टक टक.

असा माणूस खेळायला बसला तर कसा खेळेल? तसाच खेळला. तो दिवेवाला व्हायचा, दादा कुलूपतोड्या, ठकू दोरवाली, आणि मुक्या पहारेकऱ्यासाठी कुणीच उरायचं नाही म्हणून त्याला कॉम्प्युटर चालवायचा. पुढे खेळ काढणारी कंपनी बंद पडली. नव्या कॉम्प्युटरवर तो चालेना. तेव्हा जगभर विखुरलेल्या त्याच्या वेड्यांनी एक साइट काढली आणि सातमजलीच्या पुढच्या गोष्टी स्वतःच लिहायला सुरुवात केली. फॅनफिक म्हणतात त्याला. ठकूही लिहायला लागली, आणि चांगलं लिहायला लागली. आणि मामा? मामा तिथे 'तराजू' या नावाने दाखल झाला आणि सगळ्यांची पंचाईत झाली.

कारण लिहिणाऱ्याला मोह होतोच. माणूस अडकला की त्याला पंख फुटतात. कुणी दोरवालीला उडायला लावायचं, कुणी कुलूपतोड्याला भिंतीतून आरपार काढायचं, कुणी पहारेकऱ्याला अंधारात दिसणारे डोळे द्यायचं. आणि त्या गोष्टीखाली तराजूचा अभिप्राय पडायचा: 'ही शक्ती नियमात नाही.' बस, एवढंच. शिवी नाही, उपदेश नाही. पण लोक त्या ओळीला टरकून असायचे. ठकूच्या गोष्टी साइटवर गाजल्या त्या एकाच कारणाने. तिच्या माणसांना कधी फुकटची शक्ती मिळाली नाही. जे काही सुटायचं ते नियमांच्या आतच सुटायचं, नाहीतर सुटायचंच नाही.

एकदा मात्र ठकू मामाशी कडाकडा भांडली होती. साइटवर उंदीर नावाने लिहिणाऱ्या एका मुलाने विझलेला दिवा पुन्हा लावला होता. गोष्ट इतकी सुंदर होती की वाचणारे सगळे रडले. ठकूही रडली. मामाने लिहिलं, 'रडू येतं हे मान्य. पण नियमात नाही.' उंदराने उत्तर दिलं की त्याचे वडील त्याच आठवड्यात गेले होते. साइटवरचे सगळे तराजूवर तुटून पडले. मामाने दुसरा अभिप्राय टाकला. 'वडिलांबद्दल ऐकून फार वाईट वाटलं. दिवा विझलेलाच राहील.'

"तुझ्या छातीत काय दगड आहे का रे?" ठकू त्याला म्हणाली होती.

"दिवा परत लागत असता," मामा म्हणाला, "तर तुझी आई इथे बसली असती. लागत नाही म्हणून तर जपायचा."

त्यानंतर कितीतरी दिवस ती त्याच्याशी तो खेळ, ती साइट, यातलं काहीच बोलली नाही. जेवताना मीठ दे, पाणी दे, एवढंच. पण ते वाक्य काही तिच्या मनातून गेलं नाही.

आता मामाच विसरायला लागला होता.

सुरुवात चष्म्यापासून झाली, मग किल्ल्या, मग रस्ता. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला, आजाराचं नाव सांगितलं आणि गोळ्या लिहून देताना हेही सांगितलं की गोळ्यांनी फार काही होणार नाही. घसरण हळू होईल, थांबणार नाही. ठकू एका चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काम करायची. काचा नंबराप्रमाणे घासायच्या, कडा गुळगुळीत करायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या. ती दिवसभर बाहेर, मामा घरात एकटा. एकदा तो गॅस चालू ठेवून फिरायला गेला. तेव्हापासून दुपारी शेजारच्या काकू येऊन बसायला लागल्या आणि दूरच्या शहरात राहणाऱ्या दादाचे फोन वाढले.

"तिथे एक खाट रिकामी झालीय," दादा म्हणाला. तो वृद्धांच्या एका संस्थेबद्दल बोलत होता. "मी स्वतः बघून आलोय. स्वच्छ आहे. माणसं बरी आहेत. बाग आहे."

"मामाला बागेत काय करायचंय? पानं मोजायचीत?"

"ठकू, तुझी नोकरी, हे घर, तो. तू एकटी किती पुरी पडणार?"

"तो मला ओळखतो."

"मला कुठे ओळखलं त्याने गेल्या वेळी? दारातच मला म्हणाला, आधी शिक्का दाखवा."

दोघंही खो-खो हसले आणि मग एकदमच थांबले.

"हे बघ," ठकू म्हणाली, "मी अजून त्याला गोष्टी वाचून दाखवते. मुद्दाम चुका घालते. नियमात नसलेल्या शक्ती. तो पकडतो. एकूण एक पकडतो. जोवर पकडतोय तोवर तो आत आहे, दादा. जोवर आत आहे तोवर तो कुठेही जाणार नाही. ज्या दिवशी पकडायचा थांबेल, त्या दिवशी मीच तुला फोन करीन."

दादाही कुलूपतोड्या होऊन वाढलेला. ही कसोटी काय आहे ते त्याला वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती.

"नक्की?"

"नक्की."

"ती खाट तोवर जाईल."

"दुसरी होईल रिकामी. तिथे खाटा रिकाम्या व्हायला काय वेळ लागतो."

त्यानंतर ठकू रोज कामावरून आली की हातपाय धुऊन मामासमोर बसायची. गोष्ट लिहून आणलेली असायची, त्यात एखादी लबाड शक्ती पेरलेली असायची. मामा पकडायचा. दोन मजले चढणारा दोर पकडला. एका मजल्यावर दोन कुलुपं उघडणारा कुलूपतोड्या पकडला. कधी कधी तर ठकूच्या नजरेतून निसटलेली खरीखुरी चूकही पकडली आणि तिची खरडपट्टी काढली. त्या दिवसांत ठकू दुकानात काचा घासताना गुणगुणायची. मालक विचारायचे, "काय, लॉटरी लागली का?"

मग एका संध्याकाळी कुलूपतोड्याने एकाच मजल्यावर तिसरं कुलूप उघडलं आणि मामा खिडकीबाहेर बघत राहिला.

ठकू पुढे वाचायची थांबली. तेच वाक्य तिने पुन्हा वाचलं, जरा सावकाश. वाचून झाल्यावर त्याच्याकडे बघितलं. मामाने तिच्याकडे बघितलं. टक टक.

"हं," तो म्हणाला. "कुलूप."

"किती?"

"एकच की."

दमला असेल, ठकूने स्वतःला समजावलं. दुपारी झोप झाली नसेल. दुसऱ्यांदा का होईना, पकडलं ना? माणसाला एखादं वाक्य निसटणारच. दुसऱ्या दिवशी चुकीचं वाक्य आलं तेव्हा ती आपोआपच सावकाश झाली. तिसऱ्या दिवशी त्या वाक्यानंतर ती थांबली. पुढे पुढे थांबताना तिच्या भुवया वर जायला लागल्या. आणि शक्तीही मोठ्या होत गेल्या, आंधळ्यालाही दिसाव्यात अशा. मुक्या पहारेकऱ्याने भाषण ठोकलं. वाक्य संपवून ठकू थांबली, भुवया उंचावल्या, श्वास रोखून धरला.

टक टक. "मुका!" मामा म्हणाला, आणि दोघं हसून हसून बेजार झाले.

ज्या दुकानदारांचे तराजू मामाने उचलून नेले, ते अंगठ्याने पारडं दाबायचे. मामा तिला ते करून दाखवायचा, गिऱ्हाइकाशी गोड बोलता बोलता अंगठा कसा हळूच खाली जातो ते. ठकू आपण काय करतोय ते ओळखून होती. तरी अंगठा उचलवत नव्हता. उचलला की मामा जाणार होता, आणि मामा गेला की त्या घरात तिला ठकू म्हणणारं कुणी उरणार नव्हतं.

लबाडी एकदा सुरू झाली की ती एका ठिकाणी थोडीच थांबते. साइटवर लोक विचारायला लागले, तराजू कुठे आहे? मामाला आता पडद्यावरची अक्षरं नीट लागत नव्हती. ठकूने त्याच्या नावाने साइट उघडली आणि स्वतःच अभिप्राय लिहायला बसली. 'ही शक्ती नियमात नाही.' जमलं. दुसऱ्या कुणाच्या गोष्टीखाली तिला तेवढ्यावर थांबवेना, म्हणून तिने पुढे लिहिलं, 'पण वाचायला छान वाटलं.' दुसऱ्या दिवशी उंदराने, त्याच त्या उंदराने, खाली लिहिलं होतं, 'तराजू हल्ली मऊ झालाय. तब्येत बरी आहे ना?'

ठकूने साइट बंद केली.

त्याच सुमारास दुकानात एक आजोबा आले. महिनाभरापूर्वी नेलेला चष्मा त्यांनी काउंटरवर ठेवला. मालकांनी काचा मशीनवर धरल्या आणि मागच्या खोलीत येऊन ठकूपुढे चष्मा धरला. डावी काच उजवीकडे होती, उजवी डावीकडे. इतक्या वर्षांत तिच्या हातून असं झालं नव्हतं. ती बाहेर जाऊन आजोबांची माफी मागायला लागली.

"अगं, तुझं काही नाही," आजोबाच तिची समजूत घालायला लागले. "जमीन तिरकी दिसायची. मला वाटलं माझंच काहीतरी बिघडलंय. या वयात काय, बिघडणारच, म्हणून बोललो नाही कुणाला."

ठकू आत आली आणि नळ सोडून बराच वेळ उगाच हात धूत राहिली. मालक चष्मा तिच्या टेबलावर ठेवून काउंटरकडे गेले. बोलले असते तर बरं झालं असतं.

घरी आली तर काकू पर्स घेऊन दारातच उभ्या. रोज त्या लगबगीने निघायच्या, आज रेंगाळल्या.

"एक सांगू का? रागावू नकोस हं."

"सांगा की."

"दुपारी मी यांना पेपर वाचून दाखवत होते. मधेच मला ठसका लागला म्हणून थांबले. तर यांनी ते बोट आपटलं. म्हणाले, चूक. मी म्हटलं, अहो काय चूक? हवामानाची बातमी होती गं. उद्या ढग राहतील, एवढंच." काकूंनी आवाज खाली आणला. "नंतर मी मुद्दाम दोनदा थांबून पाहिलं. थांबलं की आपटतात. मला वाटलं, तुला माहीत असावं."

"थकले असतील," ठकू म्हणाली. मामाला ती कधी अहोजाहो करत नसे. तिचं तिलाच ते ऐकू आलं. काकू गेल्या.

मामा खुर्चीत बसला होता. चहा निवून गेला होता आणि शर्टाच्या गुंड्या एक घर सोडून लागल्या होत्या. ठकूने त्या नीट लावल्या. तो हनुवटी वर करून आज्ञाधारकपणे बसून राहिला. मग ती रोजच्यासारखी समोर बसली. त्या दिवशी तिने काहीच लिहून आणलं नव्हतं. हातात कोरा कागद धरून तिने खेळातलं सगळ्यात पहिलं चित्र, ज्यात काही चुकायला जागाच नाही, ते शब्दांत सांगितलं.

"दिवेवाला पहिल्या पायरीवर उभा राहिला आणि त्याने दिवा वर धरला."

ती थांबली. भुवया वर केल्या.

टक टक.

"चूक," मामा म्हणाला. तो तिच्याकडे बघत होता. खुशीत होता. आता ही उठेल, आता आपल्या टकलाचा पापा घेईल, याची तो वाट बघत होता.

"काय चुकलं, मामा?"

तो विचारात पडला. ओठ हलले. कपाळावर आठ्या आल्या आणि गेल्या.

"दोन," तो म्हणाला. मग घाईघाईने, "नाही, एकच. एकच."

पारड्यात काही नव्हतं आणि काटा हलला होता. म्हणजे मागचंही सगळं खोटं. कधीपासून खोटं, ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. ठकूला पहिल्यांदा राग आला तो मामाचाच. इतकं सगळं विसरलास, मग हे पारड्याचं मला शिकवून कशाला ठेवलंस? पण तो अजून वाट बघत होता, तेव्हा ती उठली आणि तिने त्याच्या टकलाचा पापा घेतला.

"बरोबर, मामा. एकच."

तरी तिने लगेच दादाला फोन केला नाही. रिकामं पारडं झालं, आता एकदा भरलेलंही बघायचं, आणि या वेळी अंगठा लावायचा नाही, असं तिने ठरवलं. खरं सांगायचं तर तिला अजून थोडी आशा होती. सगळ्यात मोठा नियम, ज्यासाठी हा माणूस अख्ख्या साइटशी भांडला, बाप गेलेल्या पोराशी भांडला, तिच्याशी भांडला, तो मोडलेला तरी त्याला सहन होणार नाही. एखाद्याचं सगळं गेलं तरी एवढं राहत असेल, असं तिला वाटत होतं.

रविवारी सकाळी तिने खुर्ची मामाच्या समोर न ठेवता शेजारी ठेवली, त्याला तिचं तोंड दिसू नये अशी. ऊन जमिनीवर आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिने गोष्ट लिहिताना कशाचाच विचार केला नव्हता, आणि ती एका बैठकीत लिहून झाली होती. तिने एकसुरात, कुठेही न थांबता वाचायला सुरुवात केली.

दोरवालीचा दोर सहा मजले चढला. कुलूपतोड्या भिंतीतून आरपार गेला. खुर्चीच्या हातावरचं बोट हललं नाही. दिवेवाल्याने सगळ्यांचे दिवे लावून दिले, पुन्हा लावून दिले, त्याची वात आखूड होत गेली आणि सहाव्या मजल्यावर त्याचा दिवा विझला. अंधारात बाकीचे तिघे त्याच्याभोवती बसले. त्यांनी ओंजळी एकत्र केल्या. मुक्या पहारेकऱ्याने तोंड उघडलं आणि दिवेवाल्याला त्याच्या नावाने हाक मारली, आणि त्या हाकेने विझलेली वात पुन्हा पेटली.

ठकू शेवटच्या वाक्यालाही थांबली नाही. कागद खाली ठेवून ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. टक टक ऐकू यावं म्हणून तिचे कान दुखेपर्यंत ताणले गेले होते.

"लागला?" मामाने विचारलं.

"काय?"

"दिवा. लागला का परत?"

"लागला."

"बरं झालं बाई," मामा म्हणाला. त्याने डोळे पुसले. "मला वाटलं, संपलं आता."

ठकूने वळून बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान तिने आई गेल्यापासून बघितलं नव्हतं. तसंच राहू द्यायला काय हरकत होती? कुणीही राहू दिलं असतं. पण ती त्याच्याच हाताखाली वाढली होती, आणि आता त्या घरात नियम सांगणारं दुसरं कुणी नव्हतं.

"नाही मामा," ती म्हणाली. "असं होत नाही. विझलेला दिवा परत लागत नाही. नियमात नाही ते."

मामाचा चेहरा पडला. "कोण म्हणतं?"

"माझा मामा म्हणतो."

त्याने जरा विचार केला.

"कडक दिसतो माणूस."

"हो. फार कडक."

"त्याला म्हणावं," मामा तिच्याकडे झुकला आणि कुणी ऐकू नये अशा बेताने हळू बोलला, "एकदा चालवून घे. म्हातारा माणूस आहे म्हणावं, घाबरतो अंधाराला. दिवा लागला तर कुणाचं काय बिघडतंय?"

"सांगते."

"रागावेल का तो?"

"नाही," ठकू म्हणाली. "आता नाही रागावणार."

मग ती उठून स्वयंपाकघरात गेली, दार लोटून घेतलं आणि दादाला फोन लावला. त्याने उचलला. तिने एवढंच विचारलं, ती खाट गेली का, की अजून आहे.

"आहे," दादा म्हणाला. दाराबाहेरून मामा कुणाला तरी दिव्याचं पुढे काय झालं ते विचारत होता.